सीमा सभागृहात ठरत नाहीत, तेच बरं

शहादा-तळोदा पट्ट्यात मतदारसंघ पुनर्रचनेचा विषय निघाला की काही वाक्यं हमखास ऐकू येतात. 'आपला एक आमदार पळवला.' 'बंद खोलीत ठरवलं, विधानसभेला विचारलंसुद्धा नाही.' आणि उसासा टाकून, 'वेळेवर कोर्टात गेलो असतो तर...' पुढची पुनर्रचना येईल तेव्हा हीच वाक्यं पुन्हा भाषणांत येणार. म्हणून त्यांचा समाचार आत्ताच घेतलेला बरा.

पळवलेल्या आमदाराचं प्रकरण साध्या भागाकारात मिटतं. 2004 पर्यंत नंदुरबार जिल्ह्यात नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्राणी आणि शहादा असे पाच मतदारसंघ होते. 2009 ची निवडणूक चारांवर झाली. तळोदा यादीतून गेलं, अक्राणीच्या जागी अक्कलकुवा आलं. 2001 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या होती 9,68,78,627. तिला 288 नं भागलं की एका आमदारामागे सुमारे 3,36,000 माणसं येतात. जिल्ह्याची लोकसंख्या 13,11,709, म्हणजे वाट्याला चारही पूर्ण येत नाहीत, थोडे कमीच. 2011 चे आकडे घेतले तरी उत्तर सव्वाचारच्या आसपास राहतं. तळोदेकरांना आपल्या गावाचं नाव गेल्याची हळहळ वाटणं मी समजू शकतो, पण हळहळ म्हणजे अन्याय नव्हे.

'विधानसभेला विचारलं नाही' हा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो खराही आहे. संसदेनं 2002 मध्ये परिसीमन कायदा केला. त्याखाली निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्यात एक निवडणूक आयुक्त आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त होते. प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून घेतले जातात. ते बोलू शकतात, भिन्न प्रस्ताव देऊ शकतात. मत देऊ शकत नाहीत आणि निर्णयावर सहीही करू शकत नाहीत. मसुदा निघतो, हरकती येतात, जाहीर बैठक होते आणि अंतिम आदेश राजपत्रात छापला जातो. छापला की त्याला कायद्याचं बळ आलं. त्याच्या प्रती लोकसभेपुढे आणि विधानसभेपुढे ठेवल्या जातात, पण सभागृहाला त्यातला एक काना-मात्रा बदलता येत नाही. 2008 चा आदेश असाच आला आणि 19 फेब्रुवारी 2008 पासून अमलात आला.

मग यात लोकशाही कुठे, असा प्रश्न विचारला जातो. माझं म्हणणं असं की सभागृहाला मत नाही, यातच ती आहे.

2008 च्या आदेशानं काय केलं ते पाहा. राज्यात अनुसूचित जमातींच्या विधानसभेच्या राखीव जागा 22 वरून 25 झाल्या. आपल्या भागात शहादा आणि शेजारचं शिरपूर हे दोन सर्वसाधारण मतदारसंघ राखीव झाले. शिरपुरातून 1990 पासून सलग निवडून येणारे अमरीशभाई पटेल यांना 2009 मध्ये तिथून उभं राहता आलं नाही. ते पुढे विधान परिषदेवर गेले. आता कल्पना करा, हाच आदेश मुंबईत विधानसभेपुढे मताला ठेवला असता. ज्यांची जागा जाणार, ज्यांच्या कारखान्याचा आणि बाजार समितीचा टापू दुभंगणार, त्यांनीच हात वर करायचा होता. किती जणांनी केला असता?

शहाद्याच्या बाबतीत हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. याच तालुक्यात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराजांसोबत भिल्ल सालदार आणि शेतमजूर जमिनीसाठी, मजुरीसाठी उभे राहिले होते. विधानसभेची जागा त्यांच्यातल्या कुणाला हमखास मिळेल अशी वेळ यायला 2009 उजाडावं लागलं. तीही कुणा पुढाऱ्याच्या औदार्यानं आली नाही. अनुसूचित जमातीचं प्रमाण जिथे सर्वाधिक, तिथे शक्यतो त्यांच्या राखीव जागा ठेवाव्यात, असं कायद्याचं कलम आहे. त्या कलमानं ती आली. 2001 मध्ये जिल्ह्यात आदिवासी 65 टक्क्यांहून जास्त होते. राखीव जागेवर निवडून आलेला माणूस पुढे कुणाचं ऐकतो हा वेगळा विषय, आणि त्यावर लिहायला गेलं तर हे पान पुरायचं नाही.

विलायतेचा दाखला आपल्याकडे फार दिला जातो, तर तोही पाहू. ब्रिटनमध्ये सीमा आयोगाची शिफारस संसदेच्या मंजुरीवर अवलंबून असे. 1969 मध्ये गृहमंत्री जेम्स कॅलहॅन यांनी नव्या सीमांचे आदेश सभागृहात मांडले आणि आपल्याच पक्षाच्या खासदारांना त्याविरुद्ध मत द्यायला सांगितलं. 1970 ची निवडणूक जुन्याच सीमांवर झाली. पुढेही आयोगाचे अहवाल असेच पडून राहिले. शेवटी 2020 च्या कायद्यानं संसदेची मंजुरीच काढून टाकली. आपल्याकडे 1950 च्या दशकापासून चालत आलेल्या वाटेवर तिकडचे लोक आता आले आहेत.

इतकं लांब जायचीही गरज नाही. जिल्हा परिषदेच्या गटांकडे बघा. महाविकास आघाडी सरकारनं सदस्यांची किमान संख्या 50 वरून 55 आणि कमाल 75 वरून 85 केली. मार्च 2022 मध्ये रचनेचे अधिकारही राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये संख्या पुन्हा मागे आली. गट-गणांचे नकाशे काढणाऱ्या तहसील कचेरीतल्या माणसांना त्या वर्षी काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. सीमेवर सरकारचा हात असला की प्रत्येक नवं सरकार ती नव्यानं आखतं. विधानसभेच्या सीमांचंही असंच व्हावं, अशी कुणाची इच्छा असेल तर त्यानं ती उघड बोलून दाखवावी.

कुणी झारखंडचं नाव घेईल, आणि ते घ्यावंच. तिथे त्याच आयोगाच्या आदेशानं आदिवासींच्या राखीव जागा कमी होणार होत्या. संसदेनं 2008 मध्ये परिसीमन कायद्यातच दुरुस्ती करून तो आदेश निष्प्रभ केला. म्हणजे संसद हात घालू शकते. पण त्यासाठी तिला स्वतंत्र कायदा करावा लागला, सगळ्या देशासमोर. तो मार्ग जड आहे, आणि जडच असायला हवा. एखाद्या आमदाराची एखादी जागा वाचवायला तो कुणी वापरू शकत नाही.

कोर्टाचं थोडक्यात. घटनेचं कलम 329 मतदारसंघांच्या सीमांचा कायदा न्यायालयात आव्हानापासून दूर ठेवतं. उज्जैनची जागा राखीव झाली तेव्हा मेघराज कोठारी सर्वोच्च न्यायालयात गेले; राजपत्रात आलेला आदेश हा कायदाच आहे, असं 1966 मध्ये न्यायालयानं सांगितलं. 2024 मध्ये आपल्या शेजारच्या बारडोलीच्या राखीव जागेवरून गेलेल्या प्रकरणात न्यायालयानं दार किंचित उघडं ठेवलं: आदेश उघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर तपासता येईल. म्हणजे, 'माझा तालुका दोन तुकड्यांत का?' एवढ्या तक्रारीवर निवडणुका थांबणार नाहीत.

तर मग सगळं ठीक आहे का? नाही. पण दुखणं वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि त्याबद्दल जिल्ह्यात कुणी बोलत नाही.

2002 च्या कायद्याची नववी आणि दहावी कलमं शेजारी ठेवून वाचा. दहावं कलम अंतिम आदेशाबद्दल आहे. तो राजपत्रात छापा, प्रादेशिक भाषेतल्या किमान दोन वर्तमानपत्रांत द्या, रेडिओ-दूरदर्शनवर सांगा, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत दर्शनी जागी डकवा, असं ते बजावतं. नववं कलम मसुद्याबद्दल आहे. तिथे राजपत्र सक्तीचं आहे. बाकी प्रसिद्धी 'आयोगाला योग्य वाटेल तशी'. हरकतींसाठी जाहीर बैठक राज्यात 'एक किंवा अधिक', तीही आयोगाला योग्य वाटेल तिथे. ज्या दिवशी काहीच बदलता येत नाही, त्या दिवशी कायदा ढोल वाजवायला लावतो. जेव्हा बदलता येतं, तेव्हा राजपत्रावर भागवतो.

राजपत्र वाचतं कोण? अक्कलकुवा मतदारसंघाचं वर्णन आदेशात एका ओळीत संपतं: अक्कलकुवा तहसील आणि अक्राणी तहसील. त्या ओळीत नर्मदेकाठचं मणिबेली येतं, राज्याच्या मतदान केंद्रांच्या यादीतलं पहिलं. तोरणमाळचं पठार येतं. सरदार सरोवरात गावं बुडाल्यावर उठून तळोदा-शहाद्याच्या सपाटीवरच्या पुनर्वसन वसाहतींत गेलेली माणसं त्या ओळीतून बाहेर पडतात. नातीगोती डोंगरात, मत खाली मैदानात. त्यांना कुठल्या मतदारसंघात राहायचं होतं, हे विचारण्याची जागा मसुद्याच्या टप्प्यावर होती. चांदसैलीचा घाट उतरून, एसटी बदलून एखाद्या मोठ्या शहरातल्या बैठकीला पावरी बोलणारा माणूस पोहोचेल, असं कुणी धरून चालत असेल तर त्यानं स्वतः एकदा धडगावहून निघून बघावं.

घटनेनं 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांची संख्या गोठवली आहे. पुढच्या पुनर्रचनेच्या कायद्याचा मसुदा येईल तेव्हा दिल्ली-मुंबईत उत्तर-दक्षिण जागांवर गदारोळ होईल. त्या गदारोळात नंदुरबारचे खासदार आणि चारही आमदार, पक्ष कोणताही असो, यांनी एवढं मागून घ्यावं: अंतिम आदेशाइतकीच मसुद्याची प्रसिद्धी सक्तीची करा. अनुसूचित क्षेत्रात मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवा, पावरीत, भिलोरीत, मावचीत. आणि एक जाहीर बैठक धडगावला किंवा मोलगीला घ्या. सभागृहात मत मागण्यापेक्षा हे मागा. आणि त्यांनी मागितलं नाही तर पुढच्या सभेत त्यांना विचारा.