बिएलमधील विजय एकेरीचा. खरी कसोटी फेब्रुवारीत

नवी दिल्ली, १४ सप्टेंबर : स्वित्झर्लंडमधील बिएल येथे शनिवारी भारताने यजमान संघावर ३-१ अशी मात करून डेव्हिस करंडक टेनिस स्पर्धेच्या २०२६ च्या पात्रता फेरीत स्थान मिळविले. युरोपीय संघाला त्याच्याच भूमीवर नमविण्याची कामगिरी भारताने यापूर्वी १९९३ मध्ये फ्रान्समधील फ्रेझ्यूस येथे केली होती. तेव्हा लिअँडर पेस आणि रमेश कृष्णन यांच्या खेळाच्या बळावर भारताने स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली होती. बत्तीस वर्षांची प्रतीक्षा संपली, हे या विजयाचे महत्त्व आहेच. मात्र हा विजय कोणत्या मार्गाने आला, हे त्याहून अधिक विचार करण्याजोगे आहे.

भारताने जिंकलेले तिन्ही सामने एकेरीचे होते आणि गमावलेला एकमेव सामना दुहेरीचा होता. गेल्या दोन दशकांतील भारतीय डेव्हिस करंडक संघाचे चित्र नेमके याच्या उलट होते.

पहिल्या दिवशी कर्णधार रोहित राजपाल यांनी सलामीच्या सामन्यासाठी पंचवीस वर्षीय दक्षिणेश्वर सुरेशला पदार्पणाची संधी दिली. जागतिक क्रमवारीत तो ६२६ व्या स्थानावर होता. त्याचा प्रतिस्पर्धी जेरोम किम १५५ व्या स्थानी होता आणि दोनच आठवड्यांपूर्वी त्याने अमेरिकन खुल्या स्पर्धेची तिसरी फेरी गाठली होती. दक्षिणेश्वरने वेगवान सर्व्हिसच्या जोरावर हा सामना ७-६, ६-३ असा जिंकला. पाठोपाठ सुमित नागलने मार्क-आंद्रेआ ह्युस्लरला ६-३, ७-६ असे हरविले. शनिवारी एन. श्रीराम बालाजी आणि ऋत्विक बोल्लीपल्ली यांना याकुब पॉल आणि डॉमिनिक स्ट्रिकर या जोडीकडून ७-६, ४-६, ५-७ अशी हार पत्करावी लागली. त्यानंतर किमच्या जागी उतरविण्यात आलेल्या, यंदाच्या ऑस्ट्रेलियन खुल्या कनिष्ठ गटातील विजेत्या हेन्री बर्नेटला नागलने ६-१, ६-३ असे सहज नमवून लढत संपविली.

दुहेरीच्या आधाराची मर्यादा

डेव्हिस करंडकाच्या एका लढतीत पाच सामने असतात. त्यांपैकी चार एकेरीचे आणि एक दुहेरीचा. दुहेरीची जोडी कितीही मातब्बर असली, तरी तिच्याकडून मिळणारा गुण एकच. उरलेले दोन गुण एकेरीतूनच यावे लागतात. पेस आणि महेश भूपती यांनी या स्पर्धेत दुहेरीचे सलग चोवीस सामने जिंकण्याचा विक्रम केला. रोहन बोपण्णा २०२४ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी दुहेरीत जगात अव्वल ठरला. भारतीय टेनिसच्या अलीकडच्या इतिहासातील ही सोनेरी पाने आहेत. परंतु याच काळात एकेरीची बाजू पडकी राहिली आणि सांघिक यशाची मर्यादा तिथेच ठरून गेली.

पूर्वी तसे नव्हते. भारताने १९६६, १९७४ आणि १९८७ अशी तीन वेळा या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. त्यांपैकी १९७४ ची अंतिम लढत वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार दिल्याने झालीच नाही. रामनाथन कृष्णन, विजय अमृतराज आणि रमेश कृष्णन हे एकेरीत जगातील आघाडीच्या खेळाडूंशी बरोबरीने झुंजणारे खेळाडू होते. संघ त्यांच्याभोवती उभा राहत असे.

मागील काही वर्षांचा आलेख पाहिला तर फरक ठळकपणे जाणवतो. फिनलंड (२०२१), नॉर्वे (२०२२), डेन्मार्क (२०२३) आणि स्वीडन (२०२४) या चारही देशांत भारताला पराभव पत्करावा लागला. डेन्मार्ककडून झालेल्या पराभवानंतर तर संघ जागतिक गट दोनमध्ये घसरला. मायदेशी मात्र २०२२ मध्ये याच डेन्मार्कला दिल्लीच्या गवती कोर्टवर ४-० असे धूळ चारण्यात आली होती. यजमानाला कोर्टचा पृष्ठभाग निवडण्याचा अधिकार असतो. त्याचा लाभ घेत घरी गवतावर जिंकायचे आणि बाहेर बंदिस्त सभागृहातील वेगवान हार्ड कोर्टवर हरायचे, अशी भारताची रीतच पडली होती. बिएलची लढतही बंदिस्त हार्ड कोर्टवरच झाली. परिस्थिती तीच असताना निकाल बदलला, हे या विजयाचे खरे वजन आहे.

दोन खेळाडू, दोन परदेशी वाटा

हा बदल घडविणारे दोन्ही खेळाडू घडले कोठे, याचा शोध घेतला तर आनंदाला प्रश्नाची किनार लागते. मदुराईच्या दक्षिणेश्वरचा खेळ अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठात आकाराला आला. या विद्यापीठाने यंदा अमेरिकेतील महाविद्यालयीन सांघिक विजेतेपद पटकाविले, त्या संघाचा तो घटक होता. तेथे शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या खेळाडूला प्रशिक्षक, व्यायामशाळा, फिजिओ आणि आठवड्यागणिक दर्जेदार सामने एकाच ठिकाणी मिळतात. त्यासाठी कुटुंबाला कर्ज काढावे लागत नाही.

नागलची वाट अधिक खडतर होती. त्याने प्रदीर्घ काळ जर्मनीत सराव केला. जागतिक क्रमवारीत भारताचा अग्रमानांकित एकेरी खेळाडू असतानाही वर्षभराचा खर्च भागविल्यावर बँक खात्यात जेमतेम ९०० युरो उरले असल्याचे त्याने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. चार महिन्यांनी, २०२४ च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत, त्याने मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरविले आणि त्याच वर्षी जुलैत क्रमवारीत ६८ वे स्थान गाठले. तेथून तो पुन्हा खाली आला. बिएलला उतरला तेव्हा पहिल्या अडीचशेतही नव्हता. यंदाच्या फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या तिन्ही खुल्या स्पर्धांच्या पुरुष एकेरीच्या मुख्य फेरीत एकही भारतीय नव्हता.

दुहेरीकडे भारतीय खेळाडू का वळतात, याचे उत्तर येथे सापडते. एकेरीत दोनशे ते तीनशेच्या दरम्यान असलेल्या खेळाडूला विमानप्रवास, निवास, प्रशिक्षक आणि फिजिओ यांचा खर्च बक्षिसाच्या रकमेतून भागविणे दुरापास्त असते. दुहेरीत शारीरिक झीज कमी, कारकीर्द दीर्घ आणि मोठ्या स्पर्धांची दारे लवकर उघडणारी. खेळाडूने केलेला हा हिशेब शहाणपणाचा आहे. मात्र त्याची किंमत राष्ट्रीय संघ मोजतो.

संघटनेसमोरचे काम

नागल दोन वर्षांनंतर भारतीय संघाकडून खेळला, हेही विसरून चालणार नाही. गेल्या वर्षी स्वीडनविरुद्धच्या लढतीतून त्याने पाठदुखीचे कारण देऊन माघार घेतली होती. त्यानंतर त्याने वार्षिक ५० हजार डॉलरची मागणी केल्याचे अखिल भारतीय टेनिस संघटनेने जाहीर केले. व्यावसायिक खेळात खेळाडूला मोबदला मिळणे ही प्रचलित पद्धत आहे, अशी भूमिका त्याने मांडली. दोन्ही बाजूंनी जाहीर वाद झाला, त्यात संघाचे नुकसान झाले. संघटनेची सप्टेंबर २०२४ मधील निवडणूकही न्यायालयीन वादात सापडली. खेळाडू आणि संघटना यांच्यात मानधन, उपलब्धता आणि वैद्यकीय साहाय्य यांविषयी लेखी, सर्वांना समान लागू होणारा करार असता, तर हा प्रसंग टळला असता. बिएलच्या विजयाने निर्माण झालेला सलोखा असा करार करण्यासाठी अनुकूल आहे.

दुसरा प्रश्न देशांतर्गत स्पर्धांचा. चेन्नईत १९९७ ते २०१७ पर्यंत आणि त्यानंतर पुण्याच्या बालेवाडीत २०२३ पर्यंत एटीपी दौऱ्यातील स्पर्धा होत असे. आता त्या दर्जाची एकही पुरुष स्पर्धा देशात उरलेली नाही. यंदा फेब्रुवारीत चेन्नई, दिल्ली, पुणे आणि बेंगळुरू येथे चॅलेंजर स्पर्धा झाल्या. घरच्या कोर्टवर, कमी खर्चात क्रमवारीचे गुण मिळविण्याची ती संधी होती. पण फेब्रुवारीतील हे चार आठवडे वगळता याच खेळाडूला गुणांसाठी परदेशवाऱ्या कराव्या लागतात. इटलीने वर्षभर लहान-मोठ्या व्यावसायिक स्पर्धांचे जाळे देशभर विणले. गेल्या दोन वर्षांतील त्यांचे सलग दोन डेव्हिस करंडक त्याच मशागतीचे पीक मानले जाते.

या विजयाचे मोल फुगवूनही सांगू नये. रॉजर फेडरर आणि स्टॅन वावरिंका यांच्या जोरावर २०१४ मध्ये करंडक जिंकणारा स्वित्झर्लंड आणि आजचा स्वित्झर्लंड यांत मोठे अंतर आहे. फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या पात्रता फेरीत पहिल्या शंभरातील खेळाडू घेऊन उतरणारे संघ असतील. तेथून अंतिम आठ संघांत पोहोचण्यासाठी आणखी दोन लढती जिंकाव्या लागतील. भारताने यापूर्वी २०१९ मध्ये कोलकात्यात इटलीविरुद्ध आणि २०२० मध्ये झाग्रेबला क्रोएशियाविरुद्ध पात्रता फेरी खेळली. दोन्ही वेळा १-३ अशा पराभवाने वाटचाल थांबली.

या वेळी फरक पडायचा असेल, तर पुढील पाच महिन्यांत दक्षिणेश्वरला वरच्या दर्जाच्या स्पर्धांत खेळण्यासाठी आर्थिक पाठबळ, नागलला तंदुरुस्तीसाठी नियमित वैद्यकीय साहाय्य आणि संघाला पुरेसे सराव शिबिर मिळणे आवश्यक आहे. सहाशेच्या पलीकडच्या खेळाडूने एका दुपारी चमत्कार घडविला, हे खरे. परंतु प्रत्येक लढतीत चमत्काराची वाट पाहणे हे कोणत्याही राष्ट्रीय संघाचे धोरण असू शकत नाही. एकेरीत जिंकता येते, हे बिएलने दाखविले. ते पुन्हा पुन्हा जिंकता यावे, याची जबाबदारी आता केवळ खेळाडूंची नाही.