पणाला कोण लागते?

एप्रिल महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे बत्तीस संघ तीन दिवसांत, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुण खेळाडूंची आपापसांत वाटणी करून घेतात. हा फुटबॉल आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि एकमेकांवर आदळण्याचा तो खेळ आहे. या वाटणीला तेथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. मागील मोसमात जो संघ सर्वांत मागे राहिला त्याला प्रथम निवडीचा मान, विजेत्याला शेवटचा, अशा सात फेऱ्या होतात. समतेचे तत्त्व भांडवलशाहीच्या माहेरघरी एवढ्या निष्ठेने पाळले जावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. खेळाडूला मात्र संघ निवडण्याची मुभा नाही. ज्याने नाव पुकारले त्याच्याकडे त्याने जायचे. या यादीत अधूनमधून असे एखादे नाव येते की, त्याचा खेळ पाहिला तर पहिल्या पाचांत घ्यावे आणि त्याची कागदपत्रे पाहिली तर यादीतूनच काढावे. मग वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवर एकच चर्चा सुरू होते : या पोरावर जुगार खेळावा काय?

असा वाद ‘रिसीव्हर’ या जागेवरच्या खेळाडूंबाबत विशेष रंगतो, त्यालाही कारण आहे. रिसीव्हर म्हणजे धावत जाऊन दूरवर फेकलेला चेंडू झेलणारा. मैदानाच्या एका कडेला तो बराच वेळ जवळजवळ निरुपयोगी उभा असतो. परंतु एखाद्या क्षणी प्रतिस्पर्ध्याला चार पावले मागे टाकून तो चाळीस-पन्नास यार्डांवर चेंडू झेलतो आणि तासाभराचा खेळ एका झेलाने फिरतो. असा चमत्कार करू शकणारे शरीर आणि हात शिकवून येत नाहीत. म्हणूनच ते ज्याच्याकडे आहेत त्याचे बाकीचे सगळे पोटात घालण्याचा मोह संघांना अनावर होतो.

या वादात प्रत्येक वेळी ज्याचे नाव निघते तो रँडी मॉस. वेस्ट व्हर्जिनियातील रँड नावाच्या लहानशा गावातला हा मुलगा शाळेत असतानाच देशभर ओळखला जाऊ लागला होता. नोत्र दाम या नामांकित विद्यापीठाने त्याला घेण्याचे ठरवले होते. परंतु १९९५ साली शाळेत मारामारी झाली, एका मुलाला रुग्णालयात न्यावे लागले आणि मॉसने मारहाणीचा गुन्हा कबूल केला. नोत्र दामने दार लावून घेतले. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने उघडले, परंतु गांजा ओढल्याचे चाचणीत आढळल्यावर त्यांनीही त्याला काढून टाकले. अखेर आपल्याच राज्यातील मार्शल या तुलनेने दुय्यम विद्यापीठात तो खेळला आणि तेथे त्याला अडवणे कोणालाही जमले नाही. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव पुकारले गेले ते एकविसाव्या क्रमांकावर. सिनसिनाटीच्या संघाला त्याआधी दोनदा संधी आली होती. दोन्ही वेळा त्यांनी दुसरी नावे घेतली. टेनेसीने रिसीव्हरच घेतला, पण दुसरा.

मॉसला उचलले ते मिनेसोटा व्हायकिंग्जने. पहिल्याच मोसमात त्याने सतरा टचडाउन झेलले; पदार्पणाच्या वर्षी तेवढे कोणी झेलले नव्हते. संघाने सोळांपैकी पंधरा सामने जिंकले आणि ५५६ गुणांचा तेव्हाचा विक्रम केला. डॅलसच्या संघाने आठव्या क्रमांकावर असताना मॉसला डावलले होते. त्या वर्षीच्या ‘थँक्सगिव्हिंग’च्या दिवशी डॅलसच्याच मैदानावर त्याने तीन झेल घेतले, तिन्ही टचडाउन, मिळून १६३ यार्ड. हिशेब चुकता करण्याची इतकी नेटकी रीत क्रीडाक्षेत्रात क्वचितच पाहावयास मिळते. पुढे २००७ साली त्याने एका मोसमात तेवीस टचडाउन झेलले आणि २०१८ मध्ये ओहायोतील कँटन येथील कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला.

या कथेचे तात्पर्य म्हणून जे सांगितले जाते ते असे की, गुण हेच खरे. बाकी सारे सोवळेपणाचे अवडंबर. परंतु ही गोष्ट जेवढी खरी आहे तेवढीच अर्धवट आहे. २००३ मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर चार्ल्स रॉजर्स नावाचा रिसीव्हर घेतला. त्याच्या गुणांबद्दलही कोणाला शंका नव्हती. पहिल्या मोसमात पाच सामन्यांनंतर त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले. दुसऱ्या वर्षी पहिल्याच सामन्यात ते पुन्हा मोडले. तिसऱ्या वर्षी अमली पदार्थांच्या नियमाखाली चार सामन्यांचे निलंबन झाले आणि २००६ मध्ये संघाने त्याला मोकळे केले. तो पुन्हा या लीगमध्ये खेळला नाही. २०१९ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो वारला. जस्टिन ब्लॅकमन २०१२ मध्ये पाचव्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलकडे गेला. २०१३ नंतर तो मैदानावर दिसलाच नाही. जॉश गॉर्डनने २०१३ मध्ये चौदाच सामने खेळून १,६४६ यार्ड मिळवले, म्हणजे त्या वर्षी लीगमधील सर्वांहून अधिक. आणि नंतरची वर्षे बंदीमागून बंदी भोगण्यात घालवली. मॉसचे नाव घेणारे ही नावे घेत नाहीत.

उलट, निष्कलंक कागदपत्रे ही यशाची हमी असतात असेही नव्हे. ज्या १९९८ च्या ड्राफ्टमध्ये मॉस एकविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला, त्याच ड्राफ्टमध्ये रायन लीफ हा क्वार्टरबॅक दुसऱ्या क्रमांकावर गेला. पहिल्या क्रमांकाच्या पेटन मॅनिंगपेक्षा तोच सरस ठरेल असे म्हणणारेही अनेक होते. लीफची कारकीर्द चार मोसमांत आटोपली आणि पुढे व्यसनापायी त्याला तुरुंग पाहावा लागला. तेव्हा कागद पाहून माणसाचे भविष्य सांगण्याची विद्या अद्याप सिद्ध झालेली नाही, एवढे तरी कबूल करावे लागते. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ असा एकच शब्द पिढ्यानुपिढ्या लिहिला जात आहे. लिहिणाऱ्याला त्याचे ओझे वाटत नाही आणि वाचणारा तो वाचत नाही. अमेरिकन संघ याच्या दुसऱ्या टोकाला गेले आहेत. ते शेकडो माणसांकडे चौकशा करतात, डॉक्टरांकडून तपासून घेतात, मुलाखती घेतात. २०१० साली डेझ ब्रायंट या रिसीव्हरची मुलाखत चालू असता मायामी संघाच्या सरव्यवस्थापकाने त्याला विचारले की, तुझी आई वेश्याव्यवसाय करीत होती काय? पुढे त्याने जाहीर माफी मागितली. परंतु एकवीस वर्षांच्या मुलाला नोकरी देण्यापूर्वी असा प्रश्न विचारता येतो असे वाटणे, यातच त्या चौकशीचे स्वरूप कळते.

मॉसला मिनेसोटात मिळाले ते मात्र या चौकशीत कोठेच नोंदले जात नाही. त्या संघात क्रिस कार्टर नावाचा वयाने थोर रिसीव्हर होता. १९९० मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या पायी काढून टाकले होते. मिनेसोटाने त्याला घेतले तेव्हा नियमाप्रमाणे शंभर डॉलरचे शुल्क भरले, एवढीच त्याची किंमत. तेथे त्याला व्यसनातून बाहेर काढण्यास मदत मिळाली, तो सावरला आणि २०१३ मध्ये कीर्तिमंदिरात गेला. म्हणजे मॉस ज्या घरात आला त्या घराला अशा मुलाला वळण लावण्याची सवय आधीच होती. जे आपण भोगले ते शेजारच्या पोराने भोगू नये असे वाटणारा, आणि ज्याचे त्या पोराने ऐकावे एवढा खेळात मोठा असलेला, माणूस रोज त्याच्या बरोबर सराव करीत होता. प्रशिक्षक डेनिस ग्रीन यांचाही त्याच्यावर विश्वास होता. एवढे असूनही मॉस काही संत झाला नाही. २००२ मध्ये मिनियापोलिसच्या रस्त्यात वाहतूक नियंत्रण करणाऱ्या एका महिलेला त्याने आपल्या मोटारीने ढकलत नेले आणि २००५ मध्ये मिनेसोटानेच त्याला दुसऱ्या संघाच्या स्वाधीन केले. घर चांगले असले म्हणजे मुलगा सुधारतोच असे नाही. परंतु घरच नसेल तर प्रश्नच संपतो.

म्हणून ‘हा मुलगा जोखमीचा आहे काय’ हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. जोखीम कसली, हे आधी पाहिले पाहिजे. दुखापतीची जोखीम ही दैवाधीन असते आणि तिचा मुलाच्या नीतीशी काही संबंध नसतो. तरी चर्चेत ती आणि चारित्र्य एकाच पोत्यात भरले जाते. गांजाचे तर आणखीच विचित्र. ज्या चाचणीने फ्लोरिडा स्टेटमध्ये मॉसचे आयुष्य पालटले, तशा चाचणीत सापडल्याबद्दल आज या लीगमध्ये केवळ तेवढ्यावरून कोणाचे निलंबन होत नाही. २०२० च्या करारात तो नियमच बदलला. काल जे चारित्र्याचे व्यंग होते ते आज दंडापुरते उरले. जी मुले बदल होण्यापूर्वी जन्मली, त्यांची वर्षे मात्र गेली ती गेलीच.

मारहाणीची गोष्ट मात्र अशी नियम बदलून संपत नाही. टायरीक हिल या रिसीव्हरला २०१४ च्या डिसेंबरात आपल्या गरोदर मैत्रिणीला मारहाण केल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्याने पुढल्या वर्षी गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांच्या परिवीक्षेवर ठेवण्यात आले. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने त्याला काढले. २०१६ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने पाचव्या फेरीत, १६५ व्या क्रमांकावर, त्याला घेतले. तो लीगमधील सर्वांत वेगवान खेळाडूंपैकी एक ठरला आणि २०२० च्या फेब्रुवारीत चीफ्सने सुपर बोल जिंकला. आज हा सौदा ‘स्वस्तात लागलेली लॉटरी’ म्हणून सांगितला जातो. त्या वाक्यात एक तरुण स्त्री होती आणि ती पुसली गेली आहे. तिच्यावरील अत्याचाराची किंमत बाजाराने ठरवली ती एवढीच : चार फेऱ्यांची घसरण. हिलने शिक्षेची अट पूर्ण केली, तेव्हा त्याने कोठेच काम करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु संघ जेव्हा ‘आम्ही जोखीम घेतली’ असे म्हणतो तेव्हा त्याने गमावण्यासारखे काय ठेवले होते? पाचव्या फेरीतील एक जागा. पुन्हा तसेच घडले असते तर ते सोसावे लागले असते दुसऱ्याच कोणाला.

संघांची जोखीम तर दिवसेंदिवस कमीच होत आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सेंट लुइसने पाच कोटी डॉलर हमीचे देऊन करारबद्ध केले होते. एक निवड चुकली तर संघ वर्षानुवर्षे वाकत असे. २०११ च्या करारापासून नवोदितांचे वेतन क्रमांकानुसार बांधून टाकले गेले. तेव्हापासून बदनाम पण गुणी मुलगा हा संघाच्या दृष्टीने फार महाग उरलेला नाही, आणि वस्तू स्वस्त झाली की ती निष्काळजीपणे हाताळली जाते, हा बाजाराचा अनुभव आहे. निवड फसली तर व्यवस्थापक म्हणतो, पोर वाया गेले. फळली तर म्हणतो, आमची पारख. दोन्ही वाक्यांत त्याची स्वतःची जबाबदारी सापडत नाही.

तेव्हा असे मुलगे घ्यावेत काय, याचे उत्तर होय असेच द्यावे लागेल. एकविसाव्या वर्षी कोणाचेही आयुष्य मिटवून टाकण्याचा अधिकार फुटबॉल संघाला कोणी दिलेला नाही. मात्र ते घेण्याची पात्रता मुलाची नव्हे, संघाची तपासली पाहिजे. ज्या संघात दर दोन वर्षांनी प्रशिक्षक बदलतो, ज्याच्या मालकाला येत्या रविवारच्या पलीकडे दिसत नाही, ज्याच्या ज्येष्ठ खेळाडूंत एकही कार्टर नाही, त्याने यादीतील पुढचे नाव वाचावे, मग समोर साक्षात मॉस असला तरी.

डॅलसने १९९८ मध्ये केले ते याहून फार निराळे नव्हते. १९९६ मध्ये त्यांचा थोर रिसीव्हर मायकेल आयर्विन कोकेनच्या प्रकरणात सापडला होता, १९९७ मध्ये त्यांचे प्रशिक्षकच भरलेल्या पिस्तुलासह विमानतळावर पकडले गेले होते आणि ड्राफ्टच्या वेळी नवा प्रशिक्षक येऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते. असल्या घरात मॉसला आणले असते तर तो मिनेसोटातला मॉस झाला असता, असे छातीठोकपणे कोण सांगू शकेल? त्या निर्णयाबद्दल डॅलसला गेली पंचवीसहून अधिक वर्षे वेड्यात काढले जात आहे. त्यांनी मॉसऐवजी घेतलेला ग्रेग एलिस त्यांच्याकडे अकरा मोसम खेळला.