नव्या गाडीचा दुसरा रंग



रेल्वेच्या फाटकाशी खोळंबून राहावे लागले, म्हणजे मुले मालगाडीचे डबे मोजू लागतात. त्या मोजणीत कधी कधी प्रवासी डब्यांसारखे दिसणारे, पण खिडक्या-दारे कायमची बंद केलेले डबे येतात. ते खरोखरच एके काळचे प्रवासी डबे होत. उतारू नेण्याचे त्यांचे वय सरल्यावर आपली रेल्वे त्यांच्या टोकांना दारे बसविते आणि त्यांतून नव्या मोटारी नेते. असेच फाटकाशी उभे असता एका शाळकरी मुलाने आम्हांस विचारले, "फादर, आत गाडी आपटून चेपली, तर ती कोणाच्या गळ्यात मारतात?" प्रश्न भाबडा वाटला तरी भाबडा नव्हे. त्याचे उत्तर शोधीत आम्ही थेट अमेरिकेतील एका खटल्यापाशी जाऊन पोचलो.

त्या देशात बहुतेक नव्या मोटारी प्रवासाचा काही टप्पा तरी आगगाडीने करतात. दोन वा तीन मजली वाघिणीत दहा ते पंधरा गाड्या मावतात. पूर्वी ह्या वाघिणी उघड्या असत. परंतु वाटेत दगड मारणारे आणि सुटे भाग लांबविणारे इतके माजले, की १९७० च्या दशकात त्यांना चहूबाजूंनी पत्रे व वर छप्पर आले. गाडीची चाके पट्ट्यांनी जखडतात, तरी डबे जोडताना बसणारा हिसका काही चुकत नाही. म्हणून कारखान्यातून आगगाडीवर, आगगाडीवरून ट्रकवर, अशी गाडी जेथे जेथे हात बदलते, तेथे तिची तपासणी होते. ओरखडा कोणाच्या ताब्यात असताना पडला, ह्यावर भरपाई कोणी द्यावयाची हे ठरते.

गाडी पार मोडली, तर प्रश्न त्यामानाने सोपा. २०१७ च्या फेब्रुवारीत दक्षिण कॅरोलायना राज्यात एक मालगाडी रुळांवरून घसरली आणि बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या सुमारे शंभर नव्या गाड्यांचे नुकसान झाले. अशा गाडीचा सांगाडाच वाकलेला असल्यास तिची हमी घेण्यास कारखानदार धजत नाही. ती भंगारात जाते. सागरी वाहतुकीतील एक उदाहरण तर ह्याहून बोलके आहे. २००६ साली 'कूगर एस' हे जहाज उत्तर प्रशांत महासागरात एका अंगावर कलंडले. आत ४,७०३ मझदा गाड्या होत्या. त्यांतील बऱ्याचशा वरून धड दिसत होत्या. तथापि कित्येक दिवस आडव्या टांगलेल्या गाड्यांची खात्री कोणी द्यावी? कंपनीने एकही न विकता त्या सर्व मोडून टाकविल्या.

खरा कस लागतो तो थोडक्या नुकसानीत. अलाबामा राज्यातील एका डॉक्टरांनी १९९० साली बी.एम.डब्ल्यू.ची नवी कोरी गाडी ४०,७५० डॉलरांस घेतली. नऊ महिने ती विनातक्रार चालली. पुढे अधिक चकाकी आणावी म्हणून त्यांनी ती एका कारागिराकडे नेली, तेव्हा त्याने सांगितले, की हिला पूर्वीच पुन्हा रंग दिलेला आहे. जर्मनीहून येताना वाटेत आम्लयुक्त पावसाने मूळ रंग बिघडला असावा, असे पुढे निघाले. रंगकामाचा खर्च ६०१ डॉलर. कंपनीचा नियमच असा होता, की दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी काही काळ स्वतःच्या कामास वापरून जुनी म्हणून विकावयाची. तीन टक्क्यांच्या आत राहिला, तर विक्रेत्यासही न कळविता नवी म्हणून विकावयाची. म्हणजे ह्या गाडीवर बाराशे डॉलरांपर्यंतचे काम झाले असते, तरी कोणी अवाक्षर काढले नसते! बैलबाजारात दात पाहून घेण्याची मुभा तरी असते. रंगाखालचा रंग कोण पाहणार? कंपनीच्या बाजूने इतके सांगणे न्याय्य होईल, की सुमारे पंचवीस राज्यांचे कायदे तिच्या नियमाशी जुळत होते.

१९८३ पासून अशा ९८३ गाड्या नव्या म्हणून विकल्याचे खटल्यात उघड झाले. पंचांनी डॉक्टरांस नुकसानीचे चार हजार डॉलर आणि कंपनीस शिक्षा म्हणून आणखी चाळीस लाख डॉलर ठरविले. गंमत अशी, की काही महिन्यांपूर्वी तेथेच अशाच दुसऱ्या एका ग्राहकास भरपाई जवळजवळ तेवढीच मिळाली होती, शिक्षेची रक्कम मात्र एक पैही नाही. अलाबामाच्या वरिष्ठ न्यायालयाने चाळीसाचे वीस लाख केले. १९९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तेही बेसुमार ठरविले, आणि पुढल्या वर्षी अलाबामाच्या न्यायालयाने पन्नास हजारांवर आणून सोडले. सहाशे डॉलरांच्या रंगासाठी चाळीस लाख, हे आम्हांसही पटले नव्हते. पण जे लपविले ते थोडे होते, हा बचाव त्याहूनही पटत नाही. थोडे होते, तर सांगण्यास हरकत काय होती?

त्या मुलास आम्ही एवढी सगळी हकीकत सांगितली नाही. पंचांचा निर्णय लागल्यावर काही दिवसांतच कंपनीने आपला नियम बदलला आणि दुरुस्ती कितीही किरकोळ असो, ती कळविण्याचे ठरविले, एवढेच सांगितले.