लॅटिनच्या तासाचा हसरा गुलाम

रोमन संस्कृती शाळेत शिकवायची म्हटली की मोठ्या माणसांना एकाएकी मुलांच्या कोवळ्या मनाची काळजी वाटू लागते. मग टोगा, मेजवान्या, जलवाहिन्या, चकचकीत ज्युपिटर एवढंच रोम शिल्लक उरतं. मला हे धुतलेलं-पुसलेलं रोम साफ नामंजूर आहे. त्यात मुलांचं मन जपलं जात नाही, मालकांची अब्रू तेवढी जपली जाते.

सगळ्यांत लाडकं पुस्तक घ्या. ‘केंब्रिज लॅटिन कोर्स’ 1970 साली निघाला आणि ब्रिटनमध्ये पिढ्याच्या पिढ्या त्यावर लॅटिन शिकल्या. पाँपेईतला सावकार कैकिलियस, त्याची बायको, मुलगा, कुत्रा आणि घरचे गुलाम. आचारी ग्रुमिओ जरा आळशी, जरा पिणारा, पण सदा मजेत. जुन्या आवृत्तीत मालक बंदरावर जाऊन मेलिसा नावाची मुलगी विकत आणतो. ती घरातल्या पुरुषांना आवडते. हिरमुसते ती फक्त मालकीण. विकल्या गेलेल्या मुलीला काय वाटलं, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

2022 च्या पाचव्या आवृत्तीत बायकांचं आणि गुलामांचं चित्रण सुधारलं. चांगलं झालं. पण त्याला पन्नास वर्षं लागली! तिकडे अमेरिकेतल्या शाळांत लॅटिन मंडळं निधी जमवायला ‘गुलामांचा लिलाव’ भरवत असत. खेळ म्हणून. असा खेळ सुचतो, कारण पुस्तकातला गुलाम आधीच हसरा करून ठेवलेला असतो.

आता खरा कैकिलियस पाहा. त्याच्या घरात 1875 साली दीडशेच्या वर मेणाच्या पाट्या सापडल्या, त्याच्या व्यवहाराच्या पावत्या. हा गृहस्थ लिलावातून येणारे पैसे वसूल करी आणि त्यावर आपलं कमिशन कापून घेई. त्यातल्या एका पाटीवर त्रोफिमस नावाच्या गुलामाच्या विक्रीचा हिशेब आहे. नाव, रक्कम, साक्षीदार, सगळं चोख. धड्याला याहून चांगला मजकूर कुठला? लॅटिनही सोपं, व्यवहारातलं. पण नाही, आम्हाला बागेत बसलेला प्रेमळ बाबाच हवा.

पुराणकथांचीही तीच गत. अपोलो देव डाफ्नी नावाच्या अप्सरेच्या मागे धावतो, ती जीव मुठीत घेऊन पळते, शेवटी झाड होऊन सुटते. आणि तो तिच्याच पानांचा मुकुट करून मिरवतो. मुलांच्या पुस्तकात याचं नाव ‘प्रेमकथा’. आपल्याकडे रोज वर्तमानपत्रात ‘एकतर्फी प्रेमातून’ म्हणून जे छापून येतं, ते वाचणाऱ्या मुलीला डाफ्नी का पळाली हे समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या सॅबाइन लोकांच्या बायकांना रोमचा संस्थापक रोम्युलस याच्या माणसांनी उत्सवाला बोलावून पळवून नेलं, तर पुस्तक म्हणतं ‘रोमनांना बायका मिळाल्या’. जणू रेशनवर मिळाल्या!

यावर ठरलेलं उत्तर येतं: अहो, त्या काळी तसंच होतं. हे उत्तर देणाऱ्यांनी रोमन इतिहासकार टॅसिटस वाचलेला नसतो, किंवा वाचून सोडून दिलेला असतो. इसवी सन 61 मध्ये रोमचा नगरप्रमुख पेदानियस सेकुंदस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुन्या प्रथेप्रमाणे घरातल्या सगळ्या गुलामांना मारायचं. ते होते चारशे. त्यात बायका होत्या, लहान पोरं होती आणि बहुतेकांचा खुनाशी काडीचा संबंध नव्हता. सिनेटमध्ये कायदेपंडित कासियस लाँगिनस उठला आणि म्हणाला, या जमातीला भीतीच काबूत ठेवते. थोडा अन्याय होईल, पण सार्वजनिक हित साधेल. ठराव झाला. तेव्हा रोमची साधी माणसं दगड आणि मशाली घेऊन रस्त्यावर उतरली. सम्राट नीरोला वाटेच्या दुतर्फा सैनिक उभे करून ते चारशे जीव मृत्यूकडे न्यावे लागले.

म्हणजे ‘त्या काळी’सुद्धा हे अन्याय्य आहे हे गल्लीतल्या माणसाला कळत होतं. तत्त्वज्ञ सेनेकाने गुलामही माणूसच म्हणून पत्र लिहिलं, स्वतः गुलाम बाळगून का होईना. खुद्द रोमन कायद्याच्या संहितेत गुलामगिरी निसर्गाविरुद्ध असल्याची कबुली आहे. वाद तिथेच, त्यांच्याच भाषेत चालू होता. आपण मुलांना त्यातली एकच बाजू देतो, कासियसची, आणि वर तिला ‘काळाचा महिमा’ म्हणतो.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला टॅसिटसचा हा उतारा सोपा करून द्या. कासियसच्या भाषणातली वाक्यं उलगडायला लावा आणि ‘सार्वजनिक हित’ म्हणताना तो नेमकं कुणाचं हित पाहतोय ते विचारा. लॅटिन शिकून पोरगं काय दिवे लावणार, असं पालक नेहमी विचारतात. सत्तेवर बसलेल्या माणसाचं गुळगुळीत भाषण मुळातून वाचून त्यातली लबाडी पकडील, एवढे दिवे पुरेत. आणि एवढंही करायचं नसेल, तर तो तास खुशाल पी.टी.ला देऊन टाका. निदान पोरांना मोकळी हवा तरी मिळेल.