वाण निवडला, बेणे पाहिले काय?

वर्धा जिल्हा हा मुख्यतः कापूस, तूर व सोयाबीन यांचा जिल्हा होय. तथापि बोर प्रकल्पाचे पाणी व विहिरी यांच्या आधारावर काही शेतकरी ऊसही घेतात. सेलू तालुक्यात जामणी येथे साखर कारखाना उभा राहिल्याने या पिकाकडे अधिक लक्ष गेले. ऊस लावू इच्छिणारा शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की वाण कोणता लावावा? प्रश्न योग्य आहे, परंतु तो अर्धाच आहे. बेणे कोणत्या मळ्यातील, हा उरलेला अर्धा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि लागण व दोन खोडवे मिळून तीन वर्षांचा नफातोटा पुष्कळदा तेथेच ठरून जातो.

वाणाचे महत्त्व थोडे नाही. पूर्वीचा जाड ऊस गोड खरा, पण नाजूक होता. कोइमतूर येथे १९१२ साली स्थापन झालेल्या ऊस पैदास केंद्रात डॉ. बार्बर व श्री. वेंकटरामन यांनी त्याचा संकर काश या रानटी जातीशी घडवून आणला. गोडी एका कुळातून आली. पाण्याचा ताण सोसण्याची व रोगांशी झुंजण्याची शक्ती दुसऱ्या कुळातून. को ८६०३२ हा वाण पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतो. पाडेगावच्या संशोधन केंद्राने २००७ साली दिलेला फुले २६५ हा वाण खारवट-चोपण जमिनीतही तग धरतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्याचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते, तेथे अशा गुणांचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु ताण सोसणे निराळे आणि विषाणूपासून मुक्त असणे निराळे. ऊस बियांपासून लावला जात नाही, कांडीपासून लावला जातो. कांडी म्हणजे मूळ उसाचाच तुकडा. त्यामुळे मूळ उसातील विषाणू तिच्याबरोबर नव्या शेतात येतो आणि पुढे मावा ही कीड त्याचा प्रसार करते. गुण वाणाबरोबर येतो, रोग बेण्याबरोबर येतो. उत्तम म्हणून नावाजलेला को ८६०३२ देखील पिवळ्या पानांच्या रोगापासून सुटलेला नाही.

हा रोग भारतात १९९९ च्या सुमारास प्रथम नोंदला गेला. त्याची ओळख पटविणे कठीण, कारण तो ताणासारखा दिसतो. पाने पिवळी पडली की शेतकरी पाणी वाढवितो, युरिया देतो, आणि पैसा व्यर्थ जातो. यासाठी पान उलटून पाहावे. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात व मधला भाग पिवळा पडतो. विषाणूच्या रोगात उलट घडते: प्रथम पानाची मध्यशीर, विशेषतः खालच्या बाजूने, पिवळी पडते व पाते काही काळ हिरवे राहते. ही लक्षणे ऊस सहा-आठ महिन्यांचा झाल्यावर स्पष्ट होतात. मोझॅक रोग मात्र लवकर दिसतो. कोवळे पान उजेडासमोर धरले असता फिकट व गडद हिरवे ठिपके-पट्टे उमटलेले दिसतात.

एकदा उसात शिरलेल्या विषाणूवर फवारणी नाही. बुरशीनाशकात बेणे बुडविल्याने तो मरत नाही. गवताळ वाढीच्या रोगावर उपयोगी पडणारी उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रियाही पिवळ्या पानांच्या विषाणूस हटवीत नाही. खात्रीचा मार्ग एकच: उसाच्या शेंड्यातील अतिसूक्ष्म वाढबिंदूपासून प्रयोगशाळेत तयार केलेली व तपासलेली रोपे, आणि त्यांपासून टप्प्याटप्प्याने वाढविलेले बेणे. पाडेगावचे केंद्र व मांजरीची वसंतदादा साखर संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहेत.

यात खर्च होतो आणि एक वर्ष थांबावे लागते, हा आक्षेप खरा आहे. पण रोगट बेण्याचा खर्च एका वर्षात संपत नाही. तो प्रत्येक खोडव्यात नव्याने भरावा लागतो. शिवाय प्रत्येकाने वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. दहा गुंठ्यांच्या बेणेमळ्यातून सुमारे एक हेक्टर लागणीस पुरेल इतके बेणे मिळते. चार शेजाऱ्यांनी मिळून असा एक मळा राखला, तर भार वाटला जाईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने अशा मळ्यास निदान दोन वेळा भेट द्यावी: एकदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मोझॅकसाठी, व पुन्हा सातव्या-आठव्या महिन्यात पिवळ्या पानांसाठी. रोगट बेट दिसताच ते समूळ उपटावे. खोडव्याचे बेणे घेऊ नये. दहा-अकरा महिन्यांच्या निरोगी लागणीचेच घ्यावे, आणि तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे.

वर्ध्यात उसाचे मळे अद्याप विखुरलेले आहेत. हीच या जिल्ह्याची सोय आहे, कारण रोग शेजारच्या शेतातून येण्यापेक्षा बाहेरून आणलेल्या बेण्यातून येण्याचा संभव येथे अधिक. दार अजून आपल्याच हाती आहे, तोवर ते राखावे. पेरावे तसे उगवते, हे कास्तकारास सांगावयास नको. उसाच्या बाबतीत ते कांडी घेतानाच आठवले पाहिजे.