स्कूबा झाल्यावर लगेच घाट चढायची घाई नको

पावसाळा सरला की बेळगावकरांच्या गाड्या मुरुडेश्वरकडे वळतात. तिथून बोटीनं नेत्राणी बेटावर स्कूबा डायव्हिंग. कुणी गोव्याचं ग्रांदे बेट गाठतं, कुणी मालवण. पॅकेज स्वस्तात मिळवतात, मुक्कामाचा खर्च मात्र वाचवतात. हिशेब चुकतो तो इथंच.

पाण्याखालच्या दाबानं शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो, तो बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात उंचीवर गेलं तर बुडबुडे होऊन सांधेदुखी, चक्कर, क्वचित लकवासुद्धा. ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ सांगतं, एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त डाइव्ह केले तर १८ तास विमान टाळा. ही सूचना २,००० फुटांपासून पुढं लागू होते. आणि आपलं बेळगाव? सुमारे २,५०० फुटांवर! म्हणजे दुपारी समुद्रात आणि रात्री चोर्ला चढून घरी, हेही त्यातच आलं. पहिल्यांदाच उथळ पाण्यात उतरणाऱ्याला धोका कमी, हे खरं. दोन-तीन डाइव्ह करणाऱ्यांनी तरी थांबावं.

सर्दी, दमा, हृदयविकार फॉर्मवर लपवू नका. आणि बुकिंग रविवारऐवजी शनिवारी सकाळचं घ्या, रविवारी दुपारनंतर निघा. रजाही पडत नाही.