वसतिगृहाचे स्वयंपाकघर आणि चाळिशीतले हृदय

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अकाली मृत्यूची कारणे एके काळी ठरलेली असत. हिवताप, क्षय, सर्पदंश, अडलेले बाळंतपण. ती अजून संपलेली नाहीत; परंतु त्यांच्या जोडीला आता एक नवे कारण येऊन बसले आहे. वापी, उमरगाव किंवा बोईसरच्या कारखान्यात पाळीवर असताना छातीत कळ आली आणि माणूस गेला, असे आपण वारंवार ऐकू लागलो आहोत. गेलेला माणूस पुष्कळदा सडपातळ असतो, कष्टाळू असतो, आणि त्याचे वय पंचेचाळिशीच्या अलीकडे असते. अशा वेळी लोक कारणे मोजतात: तंबाखू, दारू, तेलकट खाणे, काळजी. ही कारणे खरी आहेत. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासानेही त्यांच्याकडेच बोट दाखवले होते. पहिला झटका दक्षिण आशियातील माणसाला इतरांपेक्षा सरासरी सहा वर्षे आधी येतो, हेही त्याच अभ्यासात दिसून आले. तरीही ही यादी अपुरी आहे, असे आमचे म्हणणे आहे. ती चाळिशीपासून सुरू होते आणि सगळा दोष गेलेल्या माणसाच्या माथी मारून मोकळी होते. हृदयाची कथा त्याहून पुष्कळ आधी, आईच्या पोटात आणि लहानपणाच्या घरात, सुरू झालेली असते.

ही कल्पना प्रथम ठामपणे मांडली ती इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी. १९८६ साली त्यांनी दाखवून दिले की, इंग्लंड व वेल्सच्या ज्या भागांत १९२१ ते १९२५ या काळात तान्ही मुले जास्त दगावत होती, त्याच भागांत अर्ध्या शतकानंतर हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाणही जास्त होते. हृदयविकार हा श्रीमंतीचा आजार, ही समजूत त्यामुळे डळमळली. पुढे त्यांना हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या नोंदवह्या सापडल्या. १९११ पासून तेथील सुईणी व आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्मवेळचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन लिहून ठेवत असत. त्या बाळांचा साठ-सत्तर वर्षांनी माग काढला तेव्हा आढळले, की वर्षाच्या वयाला ज्या मुलग्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने आलेले मृत्यू सर्वांत अधिक होते.

परदेशातले दाखले आपल्याला काय कामाचे, असे कोणी विचारील. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरिअल रुग्णालयातही १९३४ पासूनच्या बाळंतपणाच्या नोंदी जपलेल्या होत्या. तेथे जन्मलेल्यांची प्रौढपणी तपासणी होऊन १९९६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत अडीच किलो वा त्याहून कमी वजनाने जन्मलेल्यांपैकी ११ टक्क्यांना हृदयविकार आढळला, ३.१ किलो वा त्याहून अधिक वजनाने जन्मलेल्यांत हेच प्रमाण ३ टक्के होते. आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा जो अभ्यास आरंभला, तो आज जगभर सांगितला जातो.

त्या खेड्यांतील बाळाचे सरासरी वजन होते सुमारे २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळाचे साडेतीन किलो. परंतु खरी गोष्ट वजनाच्या आकड्यात नव्हती. आपले बाळ हडकुळे दिसे. त्याचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान असत. चरबी मात्र त्या मानाने राखलेली असे. बाहेरून कृश आणि आतून स्निग्ध असे हे बाळ. पोटात असताना अन्न तुटपुंजे मिळाले की शरीर आधी मेंदूला वाचवते आणि काटकसर करते ती स्नायूंत, स्वादुपिंडात, मूत्रपिंडांत. मूत्रपिंडातील गाळण्यांची संख्या तर जन्माआधीच कायमची ठरून जाते. त्या कमी पडल्या की पुढे रक्तदाब वाढण्याची शक्यता असते. सडपातळ माणसाला मधुमेह आणि हृदयविकार कसा झाला, या कोड्याच्या उत्तराचा एक मोठा भाग येथे आहे.

याच अभ्यासातील दोन निष्कर्ष आमच्या दोन तालुक्यांनी मनावर घ्यावेत असे आहेत. ज्या माता गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. आणि ज्या मातांना गरोदरपणात अंगमेहनतीची जड कामे करावी लागत, त्यांची बाळे लहान होती. आता आपल्या पाड्यावरची स्त्री डोळ्यांसमोर आणावी. आषाढात चिखलात वाकून आवणी, दिवाळी उलटली की कुटुंबासह वीटभट्टीवर वा मिठागरावर स्थलांतर, डोक्यावर विटा, पोटात बाळ, कमरेला दुसरे मूल, आणि भूक मारण्यासाठी मशेरी. तंबाखूनेही बाळाचे वजन घटते. भट्टीवर जन्मलेल्या वा वाढलेल्या त्या मुलाने पंचेचाळिसाव्या वर्षी छातीवर हात धरला, तर त्याला केवळ ‘सकाळी चालायला जा’ असे सांगणे अपुरे तर आहेच, थोडे निष्ठुरही आहे.

मग शाळेने काय करावे? जन्माचे वजन तर आमच्या हातात नाही, असे शिक्षक म्हणतील. आमचे उत्तर असे, की ते आहे. फक्त एका पिढीने पुढे. मुंबईच्या वस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात ‘सरस’ नावाचा एक प्रयोग झाला. पालेभाजी, फळ व दूध घातलेला खाऊ स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज देण्यात आला. सरसकट सर्व बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्या मातांनी गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने तो खाऊ घेतला होता, त्यांच्या बाळांचे वजन मात्र काहीसे वाढले आणि गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाणही खाऊ घेणाऱ्या स्त्रियांत घटले. याचा अर्थ, दिवस गेल्यावर पौष्टिक खाणे देऊ म्हटले तर उशीर झालेला असतो. आज आपल्या वसतिगृहात आठवी-नववीत असलेली मुलगी काय जेवते, यावर अशा एका माणसाच्या हृदयाचा काही भाग अवलंबून आहे, जो अजून जन्माला यायचा आहे.

या गोष्टीची जाण डहाणू तालुक्याला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, गुरांमागे कुरणात गेले तर कुरणात न्यावी, हा त्यांचा मार्ग होता. पाटीपेन्सिलीआधी मुलाचे शरीर, ही त्यांची समज आज वातानुकूलित सभागृहांतील चर्चासत्रांत ‘नवी दृष्टी’ म्हणून ऐकवली जाते, याची थोडी गंमत वाटते.

स्वयंपाकघराविषयी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. बी-१२ हे जीवनसत्त्व केवळ प्राणिज अन्नातून मिळते आणि पुण्याच्या अभ्यासात बहुसंख्य मातांमध्ये त्याची उणीव होती. आमच्या मुलांच्या घरी सुका जवळा, बोंबील, चिंबोरी, अंडे हे परंपरेचे अन्न आहे. नागलीची भाकर, उडदाची आमटी, पावसाळ्यातील शेवळे आणि करटुली हेही त्यातलेच. शहरातून येणाऱ्या दात्याच्या सोवळ्यासाठी हे अन्न ताटातून काढू नये. दुसऱ्या बाजूने पालकांनाही विनंती आहे. भेटीच्या रविवारी येताना प्रेमापोटी वेफर्स, कुरकुरे आणि थंड पेयाच्या बाटल्या आणल्या जातात. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात दुसऱ्या वर्षी हडकुळी असलेली आणि पुढे बाराव्या वर्षापर्यंत झपाट्याने अंग धरलेली मुलेच तरुणपणी मधुमेहाकडे अधिक झुकलेली आढळली. तेव्हा हडकुळ्या मुलाला घाईने जाड करणे म्हणजे सुदृढ करणे नव्हे. त्यापेक्षा दोन चिकू आणावेत. ते तर आपल्याकडे दारातच पिकतात.

आतापर्यंत लिहिले ते एका वाटेबद्दल. बालपणातून हृदयाकडे जाणारी दुसरी वाट अधिक थेट आहे आणि ती वसतिगृहाच्या शयनगृहातूनच जाते. घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत उतरतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे गुडघे, घोटे सुजतात. एक सांधा बरा होतो तोच दुसरा धरतो. हा संधिज्वर. पाच ते पंधरा या वयात तो अधिक येतो, आणि पुन्हा पुन्हा आला तर हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवतो. अनेक मुलींच्या बाबतीत हे उघड होते ते थेट पहिल्या बाळंतपणात, धाप लागू लागल्यावर. दाटीवाटीने झोपणाऱ्या मुलांत घशाचा हा संसर्ग झपाट्याने पसरतो. अमेरिकेतील फोर्ट वॉरेन या लष्करी तळावर १९५० च्या सुमारास सिद्ध झाले, की घशाच्या त्या संसर्गावर वेळीच पेनिसिलिन दिले तर संधिज्वर टळतो. सत्तर वर्षांहून जुने हे ज्ञान, आणि औषधही स्वस्त. एवढ्यावरही एखाद्या मुलाच्या झडपा बिघडाव्यात, यात नशिबाचा भाग थोडा आणि मोठ्यांच्या दुर्लक्षाचा भाग फार. घसा आणि ताप असलेले मूल ‘नाटक करते’ म्हणून वर्गात बसवू नये. डहाणू वा कासा येथील सरकारी रुग्णालयात, तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. एकदा संधिज्वर होऊन गेलेल्या मुलाला तीन-चार आठवड्यांनी द्यावे लागणारे इंजेक्शन सुट्टीत घरी गेल्यावरही चुकू देऊ नये. स्थलांतरित कुटुंबाच्या बाबतीत ते नेमके तेव्हाच चुकते.

भीतीबद्दल थोडेसे. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील एका मोठ्या अभ्यासाने १९९८ साली दाखवले, की ज्यांचे बालपण मारहाणीत, अपमानात वा घरातील व्यसनाच्या छायेत गेले, त्यांच्यात प्रौढपणी हृदयविकारही अधिक आढळतो. वसतिगृहात रात्री रडणाऱ्या पहिलीतल्या मुलाजवळ कोणी मोठे माणूस बसते का, हा प्रश्न म्हणून आरोग्याचाही आहे.

शेवटी पैशाची गोष्ट. अशा समारंभांच्या निमित्ताने माजी विद्यार्थी उदार होतात आणि त्या उदारतेचे रूपांतर बहुधा कमानीत, रंगमंचात किंवा नावाच्या फरशीत होते. आमचे मत असे, की यंदा कमान राहू द्यावी. त्या पैशातून शयनगृहात दोन खाटांमधले अंतर वाढेल एवढी एक खोली बांधावी, अंडी व दूध वर्षभर अखंड मिळेल अशी ठेव ठेवावी, आणि एक चांगला वजनकाटा, एक उंची मोजण्याची पट्टी व जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्या घ्याव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्याने लिहिलेले कागद फाइलीत हरवू नयेत, त्या वहीत उतरावेत. शाळा सोडताना दाखल्याबरोबर वहीतील आपले पान प्रत्येकाच्या हाती द्यावे. जून महिन्यात मुले गावाहून, भट्टीवरून परत येतील, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही वही उघडता येईल.